पाव किलोची ताटली

गोव्यातल्या फोंड्याच्या बाजारात फोटोच्या चौकटी आणि खिडक्यांच्या काचा करून देणारं एक दुकान आहे. दुकानाच्या मागच्या भिंतीला लागून एक लाकडी खोकं असतं. दिवसभर काचा कापताना उरलेल्या पट्ट्या त्यात उभ्या टाकलेल्या असतात. कुठली दोन बोटं रुंद, कुठली वीतभर, लांबी मात्र दोन-दोन, तीन-तीन फूट. पावसाळ्याच्या तोंडावर मी तिथे देवघरातल्या तसबिरीची फुटलेली काच बदलायला गेले होते. मी खोक्याकडेच बघत राहिले, तसे दुकानातले भाई म्हणाले, "वहिनी, हव्यात का? आठवड्याला एक गोण भरते. भंगारवालासुद्धा उचलायला कुरकुरतो." तीन मिलिमीटर जाडीच्या तेवढ्या पट्ट्या मी निवडल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि घरी आणून काट्यावर ठेवल्या. ४ किलो १०० ग्रॅम भरल्या. गणेशचवथीला पातोळ्या वाढायला यांतून बारा ताटल्या करायच्या, आणि कचऱ्याच्या टोपलीत शक्य तितकी कमी काच जाऊ द्यायची, असं मी त्याच संध्याकाळी ठरवलं.

काचेचे तुकडे भट्टीत तापवून एकजीव करायचे, याला फ्यूजिंग म्हणतात. मी ते दोन वर्षं करतेय. बांदोड्याला आमच्या घराच्या मागच्या पडवीत विजेची छोटी भट्टी आहे. आत ३० सेंटिमीटरची चौरस फळी मावते आणि घरच्याच १५ अँपिअरच्या प्लगवर ती चालते. पहिलं वर्षभर मी बाहेरून मागवलेली रंगीत काच वापरली. ती फार सुंदर असते आणि तितकीच महाग. तिच्या मी गोल ताटल्या करायचे, आणि वर्षाच्या शेवटी माझ्याकडे ताटल्यांपेक्षा उरलेल्या कोपऱ्यांचे डबे जास्त झाले होते.

एकदा कागद घेऊन बसले तेव्हा कारण कळलं. चौरसातून त्यात मावेल तेवढं मोठं वर्तुळ कापलं, की २१.५ टक्के काच चार कोपऱ्यांत जाते. हात कितीही बसला तरी ती सुटत नाही. शिवाय गोल कापताना कडेने बोटभर काच जास्त धरावी लागते, नाहीतर रेघेवर नीट मोडत नाही. म्हणजे चौथ्या हिश्श्याहून जास्त काच गेलीच. आमच्या घरात आजी करवंटीसुद्धा दोनदा विचार करून चुलीत घालायची. त्या घरात मी विकत आणलेली काच डब्यात लोटत होते आणि त्याची मला मनापासून लाज वाटायची.

उरलेलं सगळं एकत्र वितळवावं, हे कुणालाही पहिल्यांदा सुचतं. मलाही सुचलं, आणि सगळ्यात मोठी चूक तिथेच झाली. खिडकीच्या काचेच्या ताटलीवर मी बिअरच्या तपकिरी बाटलीचा चुरा घालून नक्षी केली. भट्टीतून निघाली तेव्हा ताटली देखणी होती. कपाटात ठेवली. तिसऱ्या रात्री सगळे झोपलेले असताना 'टिक्' असा आवाज आला. सकाळी पाहिलं तर नक्षीच्या कडेकडेने तडा गेला होता. कुणी हातही लावला नव्हता.

काच तापली की फुगते, निवली की आकसते, आणि प्रत्येक काचेचं आकसण्याचं प्रमाण वेगळं असतं. फ्यूजिंगसाठी मिळणाऱ्या रंगीत काचेला ९० किंवा ९६ असा आकडा दिलेला असतो. ९० म्हणजे एक मीटर लांबीची काच एक अंश सेल्सिअसने तापली की ९ मायक्रोमीटरने वाढते. खिडकीची काच ८५ च्या आसपास असते. आकड्यांत हा फरक किरकोळ दिसतो. पण काच घट्ट झाल्यावर घरातल्या तापमानापर्यंत यायला तिला साधारण ५०० अंश उतरावे लागतात, आणि १२ सेंटिमीटरच्या ताटलीत तेवढ्या उतरणीत ९० आणि ८५ मधलं अंतर ०.०३ मिलिमीटर होतं. केसाच्या जाडीच्या निम्मंसुद्धा नाही. तेवढ्यावर काच फुटते. लग्नात सगोत्र टाळतात, भट्टीत मात्र सगोत्रच लागतं. त्या रात्रीपासून माझ्या पडवीत प्रत्येक डब्यावर गोत्र लिहिलेलं असतं: '९०', 'खिडकी', 'बाटली'. बाटल्यांचंही पुन्हा आपसात जमेलच असं नाही, म्हणून एका ताटलीला एकाच बाटलीची काच. एका डब्यातला तुकडा चुकून दुसऱ्यात पडला आणि तो ओळखता येत नसेल, तर तो अख्खा डबा बाद होतो. नासाडी टाळायची असेल तर सगळ्यात आधी डबे वेगळे ठेवायला हवेत, हे मी अनुभवाने सांगते.

खिडकीच्या काचेला रंग नाही, कडेने पाहिलं तर हिरवट झाक तेवढी. पण ती इथे, गावात, फुकट मिळते, आणि एका दुकानातली एका खेपेची काच बहुतेक एकाच गोत्राची असते. तरी मी दर गठ्ठ्यातले दोन तुकडे एकमेकांवर ठेवून आधी भाजून बघते. ही काच वितळलेल्या कथिलावर तरंगवून बनवतात. अ‍ॅलस्टर पिल्किंग्टन यांनी इंग्लंडमध्ये १९५० च्या दशकात ही पद्धत बसवली आणि १९५९ मध्ये ती जाहीर झाली. त्यामुळे प्रत्येक काचेची एक बाजू कथिलाची आणि एक हवेची असते. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात, पण भट्टीत कथिलाची बाजू कधी कधी धुरकट होते. माझ्याकडे आखूड तरंगलांबीचा अतिनील दिवा आहे. अंधारात तो धरला की कथिलाची बाजू दुधाळ चमकते. त्या बाजूला मार्करचा ठिपका देऊन ठेवायचा आणि रचताना ती खाली करायची.

आता मापाचं. आतापर्यंत मी आधी ताटलीचं चित्र काढायचे आणि मग काच शोधायचे. या खेपेला उलटं करायचं होतं. गोव्यातल्या जुन्या घरांच्या आणि चर्चच्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपल्या बसवलेल्या असतात. खाडीतल्या एका जातीच्या त्या चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्या. चिखलीच्या खाडीत त्या अजून आहेत. काच दुर्मीळ आणि महाग होती तेव्हा उजेड घरात यायचा तो या शिंपल्यांतून गाळून, दुधासारखा. त्या खिडक्यांची लाकडी जाळी फार बारीक असते. लहानपणी मला ती उगाच केलेली नक्षी वाटायची. खरं तर शिंपली जेवढी, तेवढंच जाळीचं घर. सुताराने शिंपलीचं माप धरून खिडकी केली आहे. मीही पट्टीचं माप धरून ताटली करायची, एवढं त्या जाळीने मला शिकवलं.

गठ्ठ्यातल्या सगळ्या पट्ट्या जमिनीवर पसरल्या आणि एकेकीची रुंदी मोजून वहीत लिहिली. ४ ते ७ सेंटिमीटरच्या पट्ट्या सगळ्यात जास्त होत्या, १२ च्या वरच्या थोड्या, तीनच्या आतल्या बऱ्याच. आकडे बघता बघता बारावर येऊन थांबले. बाराला दोन, तीन, चार, सहा सगळ्यांनी भाग जातो. ताटली १२ सेंटिमीटरची चौरस ठेवली, तर सहाच्या दोन पट्ट्या, चारच्या तीन किंवा तीनच्या चार शेजारी शेजारी लावून एक थर होतो. जुन्या लोकांनी डझनात व्यवहार का केला असेल, ते त्या दिवशी पडवीत बसून नीट उमगलं.

थर दोन लागतात. वितळलेली काच आपसूक सहा-सात मिलिमीटर जाडीवर येऊन थांबते. तीन मिलिमीटरचा एकच थर पूर्ण वितळवला तर काच आत ओढली जाते आणि कडा काटेरी होतात. तीनवर तीन ठेवले की सहा होतात आणि काच जागच्या जागी राहते. खालच्या थरात पट्ट्या उभ्या, वरच्या थरात आडव्या. चटई विणतात तशा. एकाच्या सांध्यावर दुसऱ्याचा सांधा येऊ द्यायचा नाही.

ताटलीला काठ हवाच, नाहीतर पातोळीचा गूळ-खोबऱ्याचा रस टेबलावर उतरतो. काठासाठी साधारणपणे आधी सपाट ताटली भाजतात आणि मग साच्यावर ठेवून पुन्हा भाजतात, म्हणजे ती खोलगट होते. दोन भाजण्या, दुप्पट वीज. मला वीजही वाचवायची होती, आणि एक सेंटिमीटरच्या बारीक पट्ट्यांचं काय करावं हा प्रश्न होताच. दोन्हींना एकच उत्तर सापडलं: त्या बारीक पट्ट्याच ताटलीच्या कडेवर चौकटीसारख्या ठेवायच्या. कोपऱ्यांत तिरके सांधे कापले तर पुन्हा कचरा होतो. म्हणून ११ सेंटिमीटरच्या चार सारख्या पट्ट्या घेतल्या आणि प्रत्येकीचं टोक पुढचीच्या अंगाला टेकेल अशा फिरत्या लावल्या. अकरा आणि एक, बारा. कुठेच काही कापून टाकावं लागत नाही.

सगळ्याची बेरीज केली. दोन थर मिळून २८८ चौरस सेंटिमीटर, काठाचे ४४. एकूण ३३२. जाडी तीन मिलिमीटर, आणि काचेचं वजन एका घन सेंटिमीटरला अडीच ग्रॅम. उत्तर २४९ ग्रॅम आलं. पाव किलोची एक ताटली, बारांच्या मिळून तीन किलो. माझ्याकडे चार किलो होतं. वहीत तो आकडा लिहिताना मला जो आनंद झाला तो भट्टी उघडतानाच्या आनंदापेक्षा कमी नव्हता.

काच कापताना मी चष्मा घालते, पायात बंद बूट घालते आणि पुतण्याला पडवीत येऊ देत नाही. कटरच्या चाकाला शिवणयंत्राचं तेल लावायचं आणि रेघ एकदाच ओढायची. बरोबर दाब असला की रेशीम फाडल्यासारखा सलग आवाज येतो. आवाज तुटला तर तिथेच काच भलतीकडे जाणार. त्याच रेघेवरून पुन्हा कटर फिरवला तर चाकही जातं आणि काचही. बारीक पट्टी काढायची एक खूण आहे: तडा नेहमी सरळ जातो तो दोन्ही बाजूंना सारखी काच असली तर. चार सेंटिमीटरच्या पट्टीतून एक सेंटिमीटर सोलायला गेलं की तडा बारीक बाजूला झुकतो आणि तुकडा वाया. त्यापेक्षा चारचे दोन-दोन करायचे आणि दोनचे एक-एक. हे कळण्याआधी मी किती पट्ट्या घालवल्या असतील!

तरीही टोकं उरतातच. ती लोखंडी खलबत्त्यात, ओल्या फडक्याखाली, तोंडाला एन-९५ मास्क लावून कुटते. काचेची धूळ छातीत जाऊ देण्याची चूक कुणी करू नये. खलबत्त्याचे लोखंडाचे कण काढायला चुऱ्यावरून लोहचुंबक फिरवायचा, नाहीतर भाजल्यावर काळे ठिपके उठतात. मग या कामासाठीच वेगळ्या ठेवलेल्या चाळण्यांतून गाळायचं. माझ्या बरण्यांवर पिठी, रवा, कणी आणि साबुदाणा अशी नावं आहेत. साबुदाण्याएवढे खडे वितळले की पारदर्शक होतात. पिठीत हवा इतकी अडकते की ती भाजल्यावर धुक्यासारखी पांढरी दिसते. रंगीत काच नसताना मला तोच माझा रंग वाटला. जुन्या दिनदर्शिकेच्या पुठ्ठ्यात हळदीच्या पानाचा आकार कापला, खालच्या थरावर ठेवला आणि चहाच्या गाळणीने पिठी भुरभुरली. पानाच्या मधल्या शिरेसाठी जळलेल्या पंख्याच्या वाइंडिंगची तांब्याची तार वापरली. तिच्यावरचं वार्निश पॉलिश पेपरने पूर्ण काढावं लागतं, नाहीतर ते जळून बुडबुडे येतात. तारेची दोन्ही टोकं कडेपासून सेंटिमीटरभर आतच ठेवायची. दोन काचांमध्ये अडकून भाजलेलं तांबं गुळासारखं लाल होतं आणि कडेला हिरवट-निळी झाक येते. पातोळ्या हळदीच्या पानात उकडायच्या आणि हळदीच्या पानावरच वाढायच्या, ही कल्पना सासूबाईंना इतकी आवडली की पुठ्ठ्याचा दुसरा साचा त्यांनीच कापून दिला, माझ्यापेक्षा सुबक.

रचण्याआधी प्रत्येक पट्टी धुऊन, सुती कपड्याने पुसून, मग फक्त कडांना धरून उचलायची. खिडकीच्या काचेची खोड अशी की भट्टीत जास्त वेळ गरम राहिली की वरच्या अंगावर स्फटिकांची पांढरट साय धरते. बोटाचा ठसा किंवा धूळ असली तर हमखास. त्यावर मी टाकणखार वापरते. सोनार डाग देताना वापरतात तोच. कपभर गरम पाण्यात छोटा चमचा विरघळवून, मऊ कुंचल्याने अगदी पातळ हात.

भट्टीच्या फळीला काच चिकटू नये म्हणून लेप द्यावा लागतो. अ‍ॅल्युमिना हायड्रेट आणि चायना क्ले पाण्यात कालवून चार-पाच हात, एकदा उभे, एकदा आडवे. बाजारात यासाठी सिरॅमिक तंतूंचा कागदही मिळतो. सोय मोठी असते, पण एका भाजणीनंतर त्याचा भुगा होतो आणि तो भुगा श्वासात जाणं चांगलं नाही. मी लेपावरच राहिले. अडचण एवढीच की जुलैत फोंड्यात लेप वाळत नाही. पडवीत कपडेच चार-चार दिवस ओले राहतात, तिथे फळीची काय कथा. ओल्या लेपावर काच ठेवली तर वाफ खालून काचेत बुडबुडा फुगवते. शेवटी फळी भट्टीतच ठेवून, झाकण बोटभर उघडं सोडून, २५० अंशांवर वीस मिनिटं वाळवायला लागले.

पहिली चाचणी ताटली मी ८३० अंशांपर्यंत नेली, कारण साध्या सपाट ताटलीला मी तेवढीच नेत असे. काठ पार विरघळला आणि ताटली बाराची साडेबारा झाली. काठापाशी काच नऊ मिलिमीटर जाड होती. तिला सहा-सातवर यायचं होतं, म्हणून ती बाहेर पसरली. पुढच्या वेळी ७८५ वर थांबवलं. काठ गोलसर, गुळगुळीत होऊन जागच्या जागी राहिला. सांध्यांच्या रेषा पुसट दिसतात, उजेडात धरलं की चटईसारख्या. मला त्या आवडतात, हे तुकडे कुठून आले त्याची ती खूण आहे.

मग बेत पक्का झाला. एका भाजणीला चार ताटल्या. फळीवर त्याहून जास्त मावत नाहीत, आणि त्याहून कमी मी लावणार नव्हते. अर्धी रिकामी भट्टी चालवणं हीही नासाडीच आहे, फक्त ती वीज बिलात दडलेली असते. पहाटे सहाला भट्टी सुरू. ५६० अंशांपर्यंत तासाला १५० च्या वेगाने, कारण थंड काच घाईने तापवली की तडकते. त्याच वेगाने ६८० पर्यंत, आणि तिथे अर्धा तास मुक्काम. यात थरांमधली हवा निघून जाते. मग जरा वेगाने ७८५, तिथे १५ मिनिटं, आणि झाकण बंद ठेवूनच ५५० पर्यंत उतरू द्यायचं. साडेबाराच्या सुमारास काच ५५० ला येते आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग सुरू होतो: अनीलिंग. काचेतला आतला-बाहेरचा ताण या तापमानाला सुटतो. साध्या सहा मिलिमीटरच्या ताटलीला तासभर पुरतो, पण काठ असलेली ताटली कुठे जाड, कुठे पातळ असते. तिला दुप्पट जाडीची समजून निववावं लागतं. म्हणून दोन तास मुक्काम, आणि तिथून ४०० पर्यंत तासाला फक्त ४० अंश. संध्याकाळी सव्वासहाला भट्टी बंद. झाकण दुसऱ्या दिवशी सकाळी. एका भाजणीला मीटरवर १२ युनिट पडली, म्हणजे ताटलीमागे तीन.

पहिल्या चार उत्तम निघाल्या. दुसऱ्या खेपेच्या दिवशी दुपारी वाऱ्याने कुठेतरी तारेवर झाड पडलं आणि साडेतीनला वीज गेली. काच तेव्हा ५१० च्या आसपास होती, निवण्याच्या अगदी नाजूक टप्प्यात. वीज नाही म्हणजे कंट्रोलरवर आकडाही नाही. मी भट्टीसमोर स्टूल टाकून बसले. झाकण उघडून बघावं असं दहादा वाटलं, नाही उघडलं. वरून गोधडी घालायचं शेजारच्या मावशींनी सुचवलं, पण तापलेल्या भट्टीवर कापड म्हणजे आगीला आमंत्रण. विटांच्या भट्टीत ऊब पुष्कळ टिकते, तेवढ्याच भरवशावर राहिले. साडेसहाला वीज आली तेव्हा आकडा २९० होता. तीन तासांत २२० अंश. हव्या त्या वेगाच्या जवळजवळ दुप्पट.

सकाळी चारही ताटल्या अख्ख्या निघाल्या. दिसायला पहिल्या चारांसारख्याच. पण अख्खी दिसणारी ताटली तिसऱ्या रात्री काय करते ते मी पाहिलेलं होतं. काचेतला ताण बघायची एक घरगुती युक्ती आहे. लॅपटॉपचा पडदा पूर्ण पांढरा करायचा, त्याच्यासमोर पोलराइज्ड गॉगल धरून तो काळाकुट्ट दिसेपर्यंत फिरवायचा आणि मध्ये काच धरायची. ताण नसलेली काच काळोखात मिसळून जाते. ताण असेल तिथे उजेड फुटतो. पहिल्या खेपेची ताटली धरली, काही दिसलं नाही. दुसऱ्या खेपेची धरली आणि चारही कोपऱ्यांत चांदण्यासारखे पांढरे डाग चमकले. चारही तशाच.

टाकून द्यायच्या नव्हत्या. निववण्यात राहिलेली कसर पुन्हा तापवून भरून काढता येते, हे मी वाचलं होतं, केलं नव्हतं. चारही पुन्हा फळीवर ठेवल्या, तासाला १०० च्या सावकाश वेगाने ५५० पर्यंत नेल्या, दोन तास ठेवल्या आणि पुन्हा ४० च्या वेगाने उतरवल्या. एवढ्या तापमानात काठाचा किंवा नक्षीचा आकार बदलत नाही. सात युनिट जास्त गेली. दुसऱ्या दिवशी गॉगल लावून पडद्यासमोर बसले, पहिली ताटली धरली. काळोख. दुसरी, तिसरी, चौथी. काळोख. मी सासूबाईंना हाक मारून बोलावलं आणि त्यांना गॉगल घालून एकेक दाखवली. "म्हणजे काहीच दिसत नाही, हे चांगलं?" त्यांनी विचारलं. हो, याहून चांगलं काही नाही.

तिसरी खेप सुरळीत पार पडली. बारा ताटल्यांचे तळ ओल्या कापडाने घासून लेप उतरवला, धूळ उडू नये म्हणून ओल्यानेच. मग उरलेल्याचं वजन केलं. ४ किलो १०० ग्रॅमपैकी तीन किलो ताटल्यांत गेली. ६५० ग्रॅम धड पट्ट्या पुढच्या खेपेला जमतील अशा. ४०० ग्रॅम बरण्यांत, साबुदाणा आणि रव्याच्या रूपात. जमिनीवरून झाडून काढलेली, धूळमाती मिसळलेली काच ५० ग्रॅम. तेवढीच खऱ्या अर्थाने वाया गेली, आणि ती जाड पुठ्ठ्याच्या डब्यात चिकटपट्टी लावून, वर 'काच' असं मोठ्या अक्षरात लिहून दिली, म्हणजे उचलणाऱ्याचा हात कापायला नको.

बरण्यांतल्या चुऱ्यासाठी मी आधी एक वेगळी वाट करून पाहिली होती. डिचोलीच्या कुंभाराकडून तळाला भोक असलेल्या मातीच्या लहान कुंड्या आणल्या, त्यात चुरा भरून भट्टीत उंचावर ठेवल्या आणि ९०० च्या वर नेल्या. काच भोकातून मधासारखी ओघळते आणि खाली वळ्यावळ्यांची थाळी होते. दृश्य देखणं. पण प्रत्येक वेळी कुंडीच्या आत काचेचा जाड थर चिकटून राहतो, आणि ती कुंडी दुसऱ्या कशाच्याही कामाची राहत नाही. कचरा संपवायला नवा कचरा. दोन कुंड्यांनंतर मी ते सोडलं. १२ सेंटिमीटरच्या गोल कड्यात १७० ग्रॅम साबुदाणा भरून भाजला की सहा मिलिमीटरची जाड चकती होते, गरम भांड्याखाली ठेवायला नव्हे, पण समईखाली, तेलाचा थेंब झेलायला छान. मला हा मार्ग जास्त पटतो.

चवथीच्या दुपारी गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली पान मांडलं, आरती झाली आणि घरात आलेल्यांना पातोळ्या त्या ताटल्यांतून दिल्या. धुक्यातलं हळदीचं पान पातोळीखाली झाकलं जायचं आणि खाऊन झालं की दिसायचं. आत्येसासूबाईंनी ताटली उजेडात उंच धरली आणि विचारलं, "कितें गो हें?" मी म्हटलं, तुमच्या तसबिरीच्या काचेची बहीण. मग त्यांना ओसरीवर बसवून सगळं सांगत बसले, पट्ट्यांपासून गॉगलपर्यंत.

त्यानंतरच्या सोमवारी दुकानातल्या भाईंचा फोन आला. कुठल्यातरी मोठ्या घराच्या खिडक्यांचं काम झालंय, पाच मिलिमीटरच्या पट्ट्या गोणभर पडल्यात, नेताय का. पाचचे दोन थर दहा होतात, ते पसरतील. पाचचा एक थर मात्र जेमतेम आपल्या जागी राहील, सांधे न लावता, आणि वर काठ पाचचा चालेल की तीनचा लागेल ते बघायला हवं. वहीचं नवं पान काढून मी वर '५' लिहिलं आणि पट्ट्यांच्या रुंदी मोजायला फोंड्याला निघाले.